हेमांगी, तू रुजू झालीसच नाहीस

हेमांगी,

तू गुरुवारी गेलीस, आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्याकडे तुझं जॉइनिंग झालं.

नेहमीप्रमाणे गिरगावातून चालत ऑफिसला पोचले, कॉम्प्युटर उघडला, तर त्या दिवशीच्या नव्या माणसांच्या यादीत पहिलंच नाव तुझं. हुद्दा, प्रमुख, सायबर सुरक्षा. स्थिती, रुजू. तुला कर्मचारी क्रमांक मिळाला होता, ईमेल मिळाला होता, आणि त्या ईमेलवर पहिलं पत्रसुद्धा येऊन पडलं होतं, की सायबर सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण सात दिवसांत पूर्ण करावं. हे तुला सांगितलं असतं तर टेबलावर हात आपटून हसली असतीस. मी केबिनचं दार लावून घेतलं आणि नुसती त्या 'रुजू' शब्दाकडे बघत बसले. चार दिवसांपूर्वी मी तुझ्या पायांना हात लावला होता. गार होते ते.

हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. तुझी तारीख तीन आठवड्यांपूर्वी मीच सिस्टीममध्ये घातली होती. ती काढायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, आणि मशीन आपलं त्या दिवसाची वाट बघत बसलं.

आपली ओळख दादरच्या त्या बँकेतली. तू कॉम्प्युटर रूममध्ये, मी आस्थापना विभागात. माझा पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवायचे. तू दोनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून विचारलं, "शुभदा, अचानक पंधरा दिवस रजा कशाला?" तू माझ्या नावाने आत शिरून रजेचा अर्ज केला होतास. मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी डब्यात कोथिंबीर वडी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "अगं, माणसं चांगलीच असतात. सवयी वाईट असतात. मी माणसावर विश्वास ठेवते, सवयीवर नाही." पुढे वीस वर्षं तू याच वाक्यावर नोकऱ्या केल्यास.

आणि मी घरात भांडून पिशवी घेऊन निघाले होते, तो आठवडा. तू मला डिलाईल रोडला तुमच्या खोलीत आणलंस, आईच्या शेजारी अंथरूण घातलंस, आणि आठ दिवसांत एकदाही विचारलं नाहीस की काय झालं. प्रश्न विचारणं हा तुझा धंदा होता. तिथे विचारला नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

आमची कंपनी आरोग्यविम्याची. कोणाचं कसलं ऑपरेशन झालं, कोणाच्या रक्तात काय निघालं, लोकांनी घरच्यांनाही न सांगितलेल्या गोष्टी आमच्या मशीनमध्ये पडून असतात. म्हणून सुरक्षा प्रमुखाची खुर्ची आम्हाला रिकामी ठेवता येत नाही. आधीचे प्रमुख राघवन सोडून गेले तेव्हा नियामकाने ती जागा भरायला आम्हाला मुदत दिली, आणि मी माणूस शोधायला लागले. सहाजण आले. एकाने अर्धा तास आपली सर्टिफिकेटं वाचून दाखवली. एकाला फक्त हाताखाली किती माणसं मिळतील ते हवं होतं. मग मी तुझं नाव काढलं. मैत्रीण आहे हे लेखी दिलं आणि तुझ्या मुलाखतीच्या वेळी खोलीबाहेर बसले. संचालक मंडळाच्या जोखीम समितीच्या अध्यक्षा सबनीसबाई नंतर मला म्हणाल्या, "पहिल्या दिवशी काय कराल, असं विचारलं. तर म्हणाल्या, शिपायापासून सगळ्यांना एकेक करून विचारेन, तुम्हाला इथे कशाची भीती वाटते? शुभदाताई, हीच बाई हवी."

त्या संध्याकाळी आपण खोताच्या वाडीतून चालत निघालो आणि कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात साबुदाणा वडा मागवला. तू ऑफर लेटर तिथेच वाचलंस. चष्मा कपाळावर, कागद नाकाला लावून.

"इथे लिहिलंय, व्यवस्थापन ठरवील त्याच्या हाताखाली," तू म्हणालीस. "म्हणजे आयटीच्या प्रमुखाच्या. ज्याचं काम तपासायचं, त्यालाच विचारून तपासायचं?"

"तू ये तर आधी. मी बदलून घेते."

"मी आत आले की कोणी बदलणार नाही ग. लग्नानंतर मागितलेला शब्द असतो तो."

"हेमांगी, माझ्यावर विश्वास ठेव."

तू वडा मोडलास. मग सहज विचारावं तसं विचारलंस, "राघवन का गेले?"

"घरगुती कारण," मी म्हटलं.

तू माझ्याकडे बघितलंस. चष्मा खाली ओढून बघितलंस. मी चटणीत बोट बुडवलं. मग पर्समधून पेन काढून तू सही केलीस. कोणावर विश्वास न ठेवणं हे जिचं काम, तिने त्या कागदावर माझ्या तोंडाकडे बघून सही केली.

राघवन घरगुती कारणाने गेले नव्हते. जाताना माझ्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं होतं आणि मी ते फॉर्मवर लिहून घेतलं होतं. बाहेरचं कोणीतरी महिनाभर आमच्या मशीनमध्ये येऊन जाऊन होतं. आजाऱ्यांचे कागद कॉपी झाले होते. राघवननी नियामकाला कळवायला हवं म्हटलं, आयटीच्या प्रमुखाने आणि मोठ्या साहेबांनी दाबून टाकलं. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, कुलपात. मी साहेबांना एकदा विचारलं, ते म्हणाले, "तुमचं काम माणसं आणणं." आणि मी तुला आणत होते. एवढंच होतं ते, हेमांगी. नोकरी संपायला तीन वर्षं राहिली होती आणि मला शांतता हवी होती.

गुरुवारी सकाळी आपण फोनवर बोललो. सोमवारी कुठली साडी नेसायची यावर. दुपारी तुझ्या आईने तुझ्याच फोनवरून शेवटचा नंबर लावला, तो माझा. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली, तिला कळलंही नसेल. मी त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

शुक्रवारी मी मोठ्या साहेबांना सांगितलं. ते खरंच हळहळले. पण पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मुदत संपत होती. ती संपली, आणि त्याच्यानंतरच्या सोमवारी त्यांनी मला बोलावलं. समोर एक फॉर्म होता. सुरक्षा प्रमुखाची जागा भरल्याची माहिती, नियामकाला मंगळवार संध्याकाळपर्यंत पाठवायची. नाव तुझं.

"साहेब, ती गेली."

"मला माहितीय. पण सिस्टीममध्ये त्या मागच्या सोमवारी रुजू झाल्यात. आपण नवीन काही लिहीत नाही, आहे तेच लिहितोय. रुजू झाल्या, मग दुर्दैवाने वारल्या. पुन्हा मुदत मिळेल."

"ती आधी वारली. गुरुवारी."

"शुभदाताई," ते हळू आवाजात म्हणाले, "बाईंना ही जागा हवी होती ना? लागू दे की त्यांच्या नावावर. आणि हे बघा, व्हेरिफिकेशनसुद्धा आलंय."

त्यांनी कागद पुढे सरकवला. नेमणुकीआधी आम्ही प्रत्येकाच्या घरी एका एजन्सीचा माणूस पाठवतो, पत्ता खरा आहे का ते बघायला. तुझं काम त्यांच्याकडे आधीच गेलं होतं, तेही कोणी थांबवलं नव्हतं. मी वाचलं. 'शनिवार, सकाळी अकरा दहा. उमेदवार राहत्या घरी प्रत्यक्ष भेटल्या.'

शनिवारी तुझा दहावा होता. त्या वेळी मी बाणगंगेच्या पायऱ्यांवर उभी होते. गावाहून आलेला तुझा दादा पाण्याशी बसला होता, तुझी आई हट्टाने आली होती, आणि आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत होतो. कावळे समोरच्या कठड्यावर बसून होते, एकही खाली येत नव्हता. डिलाईल रोडचं घर बंद होतं.

खाली शेरा होता. मी तो चार वेळा वाचला, म्हणून पाठ आहे. 'उमेदवाराने माझे ओळखपत्र नीट तपासले. कार्डावरचा फोन नंबर न घेता स्वतः नंबर शोधून खात्री करते असे म्हणाल्या. या जागेवरचे आधीचे गृहस्थ का गेले, असे उमेदवाराने विचारले. मला माहिती नसल्याचे सांगितले.'

मी तो कागद टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतला. साहेब काहीतरी बोलत होते. त्यांनी तो शेरा वाचलाच नव्हता, फक्त वरची ओळ वाचली होती. "उद्या सही करते," म्हणून मी उठले.

रिपोर्टखाली नाव होतं साटम. मी जिन्यात उभी राहून त्याला फोन लावला. पन्नाशीचा वाटला आवाजावरून.

"साटम, तुम्ही शनिवारी डिलाईल रोडला गेला होतात?"

"गेलो होतो मॅडम. तिसरा माळा. दाराशी तुळस आहे, डालड्याच्या डब्यात."

"दार कोणी उघडलं?"

"त्यांनीच. तुमच्या उमेदवारांनी."

"खरं सांगा. टपरीवर बसून फॉर्म भरलात का? मी कोणाला सांगणार नाही."

"मॅडम, कधी कधी भरतो. खोटं कशाला बोलू. पण हा नाही भरला."

तू गेलीस हे मी त्याला सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी अकराला चाळीखाली या, एवढंच सांगितलं. मंगळवारी तुझा तेरावा होता.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, हातात प्लास्टिकची फाईल. माझ्यापुढे जिना चढला, न विचारता डावीकडे वळला आणि तुझ्या दारापुढे थांबला. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आतून गोडाचा वास येत होता. तो थोडा गोंधळला. "काही कार्य आहे का?" म्हणाला, आणि मग त्याला समोर स्टुलावरचा तुझा फोटो दिसला, हार घातलेला, पुढे निरांजन.

मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान मागे सरेल. त्याने फक्त गळ्यातलं कार्ड काढलं आणि खिशात ठेवलं. मग चपला काढून आत गेला, फोटोला नमस्कार केला आणि बाहेर येऊन गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"कधी गेल्या?"

"तुम्ही आलात त्याच्या नऊ दिवस आधी."

त्याने मान वळवून पुन्हा आत फोटोकडे बघितलं. "ह्याच होत्या," म्हणाला. "फोटोत चष्मा आहे. तेव्हा नव्हता. म्हणून तर माझं कार्ड अगदी नाकाशी नेऊन वाचलं. मी म्हटलंसुद्धा, ताई, चष्मा आणा ना. तर म्हणाल्या, चष्मा माझ्याजवळ नाही, तो मैत्रिणीकडे राहिलाय."

हेमांगी, तुझा चष्मा माझ्या पर्समध्ये होता. गुरुवारी हॉस्पिटलात नर्सने तुझ्या वस्तू काढल्या, बांगड्या पाकिटात घातल्या आणि चष्मा माझ्या हातात दिला. मी तो आईला द्यायचं विसरले होते. कोणालाही माहीत नव्हतं. त्या क्षणी, गॅलरीत उभी असताना, पर्स माझ्या खांद्यावर होती आणि ती मला जड लागायला लागली.

शेजारच्या लाडबाई दारात उभ्या होत्या. त्यांना विचारलं. "शनिवारी? कुलूप मीच लावलं गो. किल्ली माझ्या कमरेला. सकाळभर इथेच दारात तांदूळ निवडत बसले होते." मग साटमकडे बघून म्हणाल्या, "हा माणूस? ह्याला मी आज पहिल्यांदा बघतेय."

साटमने वाद घातला नाही. "तुम्ही बसला होतात," एवढंच म्हणाला. "हिरवं लुगडं होतं. मी तुम्हाला ओलांडून गेलो." लाडबाईंनी तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेल्या. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी लुगड्याबद्दल काही सांगायला नकार दिला.

मी यातलं काहीच ठरवू शकलेले नाही. साटम सराईत खोटारडा असेल. लाडबाईंचा डोळा लागला असेल. कोणी नातेवाईक बाई मागे राहिली असेल, तरी कुलूप बाहेरून होतं. तू असतीस तर एकेक शक्यता कागदावर मांडून खोडत गेली असतीस. माझ्याने दुसऱ्या ओळीपुढे जाववत नाही. मला इतकंच कळत होतं, की राघवन का गेले, हा प्रश्न साटमला विचारलेला नव्हता.

चष्मा मी आईच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला आणि फोटोपुढे ठेवला. जेवणाची पानं वाढली जात होती, मी थांबले नाही. ऑफिसला जाऊन ड्रॉवर उघडला, राघवनचा कागद घेतला आणि टॅक्सी करून दादरला सबनीसबाईंच्या घरी गेले. पत्र मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून हाताने लिहिलं. हेमांगी गुरुवारी वारली. ती एक दिवसही रुजू नव्हती. जागा रिकामी आहे. आधीचे प्रमुख का गेले, तो कागद सोबत जोडला आहे.

बाईंनी दोन्ही कागद वाचले. "हा किती दिवस तुमच्याकडे होता?"

"चार महिने."

"हेमांगीला माहीत होतं?"

"तिने विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

बाईंनी कागद घडी करून बाजूला ठेवले. पाणी दिलं. दाराशी आल्यावर म्हणाल्या, "यात तुमचंही नाव येईल."

"येऊ दे."

आलं. साहेबांचा तो फॉर्म गेलाच नाही, समितीचं पत्र गेलं. नियामकाची माणसं आली, तीन आठवडे बसली. ज्यांचे कागद बाहेर गेले होते त्या सगळ्यांना कळवावं लागलं. त्यातल्या एका बाईचा फोन मी स्वतः घेतला, ती रडत म्हणाली, माझ्या सासरी हे कळलंय, मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं. तिला तुझ्याबद्दल सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार. आयटीचे प्रमुख गेले, मोठे साहेब रजेवर आहेत आणि परत येतील असं वाटत नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि माणसं नेमण्याचं काम माझ्याकडून काढलं. ते बरोबरच झालं. तुझ्या जागी आता एक बाई आल्या आहेत. त्या थेट जोखीम समितीला उत्तर देतात, पत्रातच तसं लिहिलंय. आपल्या भांडणात तू जिंकलीस. आधी जिंकायला हवी होतीस.

साटमने ती नोकरी सोडली. मला फोन करून सांगितलं. "आता दार वाजवायला हात उचलत नाही मॅडम," म्हणाला.

तुझं मासिक श्राद्ध होतं त्या दिवशी मी पुन्हा डिलाईल रोडला गेले. दादा गावाला परतला होता, आई एकटीच. मी ठरवूनच गेले होते, की तुझ्या आईला सगळं सांगायचं. मुलगी ज्या नोकरीला हो म्हणाली, त्या नोकरीबद्दल मी तिला फसवलं, हे त्या माउलीला कळायला हवं. खाली जमिनीवर बसले आणि सांगितलं. राघवन, तो कागद, सही, सगळं. ती भाजी निवडत ऐकत होती. मधे एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

"माका ठाऊक हा," शेवटी म्हणाली.

"काय ठाऊक आहे काकी?"

"तू तिका खोटा सांगितलंस ता. तिनाच सांगितल्यान." तिने देठ मोडला, टोपलीत टाकला. "म्हणाली, शुभदा लपयता काय तरी. पण सांगतली ती. तिका येळ लागता, पण सांगतली. तू तिच्यार रागावू नको आये."

तू ओळखलं होतंस. त्या उपाहारगृहातच ओळखलं होतंस, आणि तरी सही केलीस. सवयीवर नाही, माणसावर. मी डोळे पुसले आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कधी म्हणाली काकी? सही करून घरी आली तेव्हा?"

"नाय गो." ती भाजी घेऊन उठली, दूधवाला कधी येऊन गेला ते सांगावं इतक्या सहज म्हणाली, "शनिवारी. बाणगंगेवरसून घराक परत इलंव ना आम्ही, तेव्हा."

तिने जेवणाची दोन पानं घेतली, मग थोडं थांबून तिसरं घेतलं, आणि मी सरकून जागा केली.